टिकाऊ चाक कशानं होतं? रोड बाइकच्या चाकांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुटे भाग जमवून रोड बाइक बांधायची ठरली की फ्रेम आणि गिअर यांवर महिनोन्‌महिने खल होतो. चाकांची पाळी येते ती शेवटी. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि कानावर सल्ले मात्र भरपूर पडलेले असतात : हलकी घे, खोल रिमची घे, कमी स्पोकची घे, सीलबंद बेअरिंगची घे. हे सल्ले बहुतेक शर्यतीच्या जगातून आलेले असतात. शर्यतीत मागून गाडी येते आणि त्या गाडीत दुसरं चाक असतं. आपली सायकल एरवी ऑफिसला जाते, रविवारी घाट चढते, पावसाळ्यात चिखल खाते आणि वर्षातून काही वेळा बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला, उतरते. तिच्यामागे गाडी नसते. म्हणून आपल्यासाठी चाक निवडण्याची कसोटी वेगळी आहे : ते किती काळ सरळ राहील, आणि बिघडलं तर जवळच्या गावात दुरुस्त होईल का? या कसोटीवर प्रचलित समजुती एकेक करून तपासू.

त्याआधी चाक वजन कसं पेलतं, ते समजून घेऊ. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

हबखालचे स्पोक खालून आधार देतात, असं आपण सहज धरून चालतो. पण दोन मिलिमीटर जाडीच्या तारेवर दाब आला तर ती वाकेल, आधार देणार नाही. म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक स्पोक ताणून ठेवलेला असतो. मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूला हा ताण साधारण १०० ते १२० किलोंचा असतो. आपण सीटवर बसलो की जमिनीलगतच्या मोजक्या स्पोकांचा ताण कमी होतो, आणि त्या कमी होण्यातूनच आपलं वजन पेललं जातं. जोब्स्ट ब्रँट या अमेरिकन अभियंत्यानं १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे आकडेमोडीनिशी मांडलं. चाक बांधणारे जगभरचे कारागीर आजही ते पुस्तक वाचतात.

याचा अर्थ असा की चाकाच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताठ होतो. २८ मिलिमीटरचा टायर असलेल्या चाकाचा परीघ सुमारे २.१३ मीटर भरतो. एका किलोमीटरला ४७० फेऱ्या झाल्या. २०० किलोमीटरच्या एका बीआरएममध्ये प्रत्येक स्पोक जवळपास ९४ हजार वेळा सैल-ताठ होतो. टिकाऊपणाचा प्रश्न इथून सुरू होतो.

गैरसमज १ : स्पोक तुटला म्हणजे तो कच्चा होता, जाड स्पोक घातला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : दोन मिलिमीटरचा चांगला स्टेनलेस स्टीलचा स्पोक ओढून तोडायला २५० किलोंहून जास्त ओढ लागते. चालवताना एवढी ओढ त्याच्यावर येत नाही. तो तुटतो धातू थकल्यामुळे. बाइंडिंग तार ओढून तुटत नाही, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, तसंच हे आहे. स्पोक बहुतेक वेळा हबच्या कडीतून बाहेर पडताना जिथं वळतो तिथं, आणि मागच्या चाकातच तुटतो.

स्पोक थकवण्यात सर्वांत मोठा हात असतो तो कमी आणि असमान ताणाचा. चाक सैल बांधलेलं असेल तर खाली आलेला स्पोक पूर्णच ढिला पडतो, त्याचं वळण कडीच्या भोकात हलतं आणि दर फेरीला तिथं थोडी इजा होते. म्हणजे सैल चाक ‘मऊ’ चालतं म्हणून जास्त टिकेल, ही समजूत अगदी उलटी आहे. योग्य ताणाचं घट्ट चाकच जास्त जगतं.

मागच्या चाकात आणखी एक अडचण असते. उजवीकडे कॅसेटला जागा द्यायची म्हणून हबची उजवी कडी मध्याच्या जवळ येते. रिम मधोमध राहावी म्हणून उजवीकडचे स्पोक जास्त ताणावे लागतात आणि डावीकडचा ताण उजवीकडच्याच्या साधारण निम्मा ते दोन तृतीयांश राहतो. उजवी बाजूच ढिली बांधली, तर डावीकडे काही उरतच नाही.

जाड स्पोकच्या बाबतीतही समजूत उलटी आहे. दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मधे १.८ मिलिमीटर असे ‘बटेड’ स्पोक मिळतात. त्यांचा मधला बारीक भाग थोडा जास्त ताणला जातो. त्यामुळे खाली आल्यावरही त्यात थोडा ताण शिल्लक राहतो आणि वळणावरचा मार कमी होतो. ते सरसकट जाड स्पोकपेक्षा हलके असतात आणि टिकतातही जास्त. स्पोकांमागे थोडे जास्त पैसे जातात, पण चाकावर खर्च केलेल्या पैशांत याइतका सत्कारणी लागणारा खर्च क्वचितच दुसरा असेल.

एकामागून एक स्पोक तुटत असतील, तर तुटलेला तेवढा बदलून भागत नाही. बाकीचेही तितकेच थकलेले असतात. अशा वेळी सगळे स्पोक नवे घालून चाक पुन्हा बांधणं शेवटी स्वस्त पडतं.

गैरसमज २ : कमी स्पोक म्हणजे आधुनिक आणि भक्कम चाक.

वस्तुस्थिती : पुढे २० आणि मागे २४ स्पोकांची तयार चाकं दुकानात सर्रास दिसतात. ती वाईट नसतात. पण कमी स्पोकांवर तेवढंच वजन वाटलं जातं, म्हणून रिम जाड आणि प्रत्येक स्पोकचा ताण जास्त ठेवावा लागतो. खरा फरक पडतो तो बिघाडाच्या क्षणी. २४ स्पोकांतला एक तुटला की रिम इतकी वाकडी होते की ती ब्रेकला, कधी कधी फ्रेमलाही घासते. ३२ स्पोकांच्या चाकात एक तुटला, तर ब्रेकची खिट्टी सैल करून, सावकाश चालवत घर गाठता येतं.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. ब्रिटिश सायकलींचा तो वारसा होता आणि पोती, दुधाचे कॅन लादून त्या वर्षानुवर्षं चालल्या. रोड बाइकला ४० लागत नाहीत. साधारण ७० किलोंच्या स्वाराला पुढे २८ आणि मागे ३२ पुरेसे आहेत. वजन ९० किलोंच्या वर असेल किंवा सामान लादून प्रवास करायचा असेल, तर दोन्हीकडे ३२, किंवा मागे ३६ घ्यावेत. प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडून जाईल अशी नेहमीची वीण उत्तम. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकचा पीळ हबवरून स्पोकांमार्फतच रिमपर्यंत जातो, म्हणून तिथं सरळ, न ओलांडणारी वीण चालत नाही.

गैरसमज ३ : चाक हलकं तर सायकल वेगवान.

वस्तुस्थिती : साधी ॲल्युमिनियमची रिम, शिमानो १०५ किंवा टियाग्रा दर्जाचा हब आणि ३२-३२ बटेड स्पोक, अशी जोडी सुमारे १,९०० ग्रॅम भरते. महागडी कार्बनची जोडी १,५०० ग्रॅमच्या आसपास असते. फरक ४०० ग्रॅमचा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. सिंहगडाचा घाट ४५ मिनिटांत चढणाऱ्याचे त्यातून फार तर १२-१३ सेकंद वाचतील.

‘पण फिरणारं वजन दुप्पट मोजायचं’ असं इथं हमखास सांगितलं जातं. वेग वाढवण्याच्या क्षणापुरतं ते बरोबर आहे : रिमचं वजन तेव्हा जवळपास दुप्पट भासतं. एकसारख्या चढावर मात्र एक ग्रॅम हा एकच ग्रॅम असतो, मग तो रिममध्ये असो की पाण्याच्या बाटलीत. २०० किलोमीटरच्या बीआरएमसाठी साडेतेरा तास मिळतात. ती वेळेत पूर्ण होणार की नाही, हे काही सेकंदांवर ठरत नाही. मधल्या निर्जन रस्त्यावर चाक वाकडं झालं, तर मात्र तिथंच ठरून जातं.

गैरसमज ४ : कार्बनची खोल रिम ही प्रत्येकासाठी पुढची पायरी आहे.

वस्तुस्थिती : खोल रिमचा फायदा हवा कापण्यात आहे आणि तो वेगाबरोबर झपाट्यानं वाढतो. हवेच्या विरोधाला तोंड द्यायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ किलोमीटरला लागते त्याच्या चौपट ताशी ४० ला लागते. शर्यतीत ४० ने जाणाऱ्याला खोल रिम उपयोगाची आहे. २२ ते २५ ने रमतगमत जाणाऱ्याच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही, आणि आडव्या वाऱ्यात पुढचं चाक ओढलं जातं ते वेगळंच.

रिम ब्रेकच्या सायकलवर कार्बनची रिम घेण्याआधी तर दहा वेळा विचार करावा. पाचगणीहून वाईला पसरणी घाटानं उतरताना साडेपाचशे मीटरहून जास्त उंची खाली यावी लागते. ८५ किलोंच्या हिशोबानं ही साडेचार लाख ज्यूलहून अधिक ऊर्जा आहे. काही हवेत जाते. वळणावळणांच्या घाटात बरीचशी ब्रेक दाबून उष्णतेच्या रूपात रिमवर उतरते. ॲल्युमिनियम ही उष्णता पटकन पसरवतं आणि हवेला देऊन टाकतं. कार्बनला ते जमत नाही. त्याच्या थरांना धरून ठेवणारं रेझिन तापून मऊ पडू शकतं आणि स्वस्त, अनोळखी बनावटीच्या रिममध्ये हा धोका जास्त असतो. शिवाय ओल्या कार्बनवर रबराचा ब्रेक उशिरा पकड घेतो. सह्याद्रीतल्या पावसाळ्यासाठी ही जोडी योग्य नाही. डिस्क ब्रेक असेल तर उष्णतेचा प्रश्न उरत नाही. मग प्रश्न फक्त पैशांचा.

गैरसमज ५ : कंपनीचं तयार चाक हातानं बांधलेल्या चाकापेक्षा भरवशाचं, किंवा हातानं बांधलेलं म्हणजे उत्तमच.

वस्तुस्थिती : दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या आहेत. यंत्रावर बांधलेलं स्वस्त चाकही उत्तम टिकतं, जर बांधल्यावर कोणीतरी त्याचा ताण हातानं समान केला असेल. आणि हातानं बांधलेलं चाक वाईट निघतं, जर बांधणाऱ्यानं फक्त डोळ्याला सरळ दिसेपर्यंतच काम केलं असेल. सरळ दिसणारं चाक आतून असमान ताणाचं असू शकतं. काही स्पोक अति ताणलेले, शेजारचे ढिले, आणि रिम मात्र सरळ. असं चाक थोड्याच दिवसांत पुन्हा ‘आउट’, म्हणजे वाकडं, होतं.

म्हणून कारागिराला तीन गोष्टी विचाराव्यात. ताण मीटरनं मोजता का? बांधल्यावर समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोरानं आवळता का? याला चाकातला अंतर्गत ताण काढणं म्हणतात. यानं स्पोकची वळणं हबच्या कडीवर नीट बसतात. आणि तिसरं, काही आठवडे चालवल्यावर चाक पुन्हा तपासून द्याल का? नवं चाक पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये थोडं बसतं. त्यानंतरची एक तपासणी पुढच्या हजारो किलोमीटरची बेगमी असते.

तयार चाक घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी : त्याचे स्पोक आणि निपल (स्पोक रिमला कसणारे नट) नेहमीचे आहेत का? काही कंपन्यांचे सरळ किंवा चपटे खास स्पोक फक्त त्याच कंपनीकडून मागवावे लागतात. चिपळूण किंवा अंबाजोगाईत असा स्पोक तुटला, तर सायकल एसटीच्या टपावरूनच घरी येईल. वळणदार टोकाचा साधा २ मिलिमीटरचा स्पोक मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. तरीही लांबी हबच्या आणि रिमच्या मापावर ठरते, म्हणून आपल्या चाकाच्या उजव्या-डाव्या बाजूंचे दोन-दोन स्पोक सायकलबरोबर ठेवावेत.

गैरसमज ६ : सीलबंद बेअरिंग म्हणजे देखभालीची कटकट नाही, जुन्या पद्धतीचा हब टाकाऊ.

वस्तुस्थिती : सीलबंद बेअरिंगचं सील पाण्याचे शिंतोडे अडवतं. पाण्यानं भरलेल्या रस्त्यातून नेलं किंवा प्रेशरच्या फवाऱ्यानं धुतलं, तर पाणी आत जातंच. त्याचा मोठा गुण वेगळा आहे : गेलं की काढून नवं बसवायचं. बरीच बेअरिंगं प्रमाणित मापाची असतात. ६९०२ हा क्रमांक असेल तर आतला व्यास १५, बाहेरचा २८ आणि रुंदी ७ मिलिमीटर; ६०८ असेल तर ८, २२ आणि ७. क्रमांकापुढे ‘२आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. ज्या गावाजवळ एमआयडीसी आहे, तिथल्या बेअरिंगच्या दुकानात ही सहज मिळतात. नोवाटेक किंवा बिटेक्ससारख्या तैवानी हबांची निवड करताना हा मोठा फायदा आहे.

शिमानोचे साधे हब कप-कोनचे असतात. त्यांत सुटे छर्रे असतात : बहुतेक पुढच्या हबांत प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १०, मागच्यांत पाव इंचाचे ९. ग्रीस वेळेवर बदललं आणि कोन नीट बसवले, तर हे हब दशकभर चालतात. दुर्लक्ष केलं तर कोन आणि कप खरवडले जातात. कोन बदलता येतो, कप सहसा नाही. पावसाळा संपला की एकदा हब उघडून नवं ग्रीस भरावं. हा नेम जमणार असेल तर कप-कोन, नसेल तर सीलबंद. दोन्ही चांगले आहेत, सवय आपली पाहावी.

गैरसमज ७ : रिम एकदा घेतली की कायमची.

वस्तुस्थिती : रिम ब्रेकच्या सायकलवर रिमची बाजू हीच ब्रेकची पाटी असते आणि दर ब्रेकला ती थोडी झिजते. पावसात रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेकच्या रबरात रुतते आणि कानशीसारखं काम करते. बाजू फार पातळ झाली की टायरमधल्या हवेच्या दाबानं ती उलगडून फुटू शकते, आणि हे चालू सायकलवर घडलं तर गंभीर अपघात होतो. बऱ्याच रिमांवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदलायची. खूण नसेल तर बाजूवर पट्टी आडवी धरा; मधे खोलगट दिसली की तिचे दिवस भरत आले.

इथं बांधलेल्या चाकाचा फायदा उघड होतो. हब चांगला असेल तर तो ठेवून फक्त रिम बदलता येते. त्याच मापाची रिम मिळाली तर खर्च आणखी कमी.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, मुंबई, कोकण, गोव्यातल्या सायकलस्वारांनी, निपल पितळेचीच घ्यावीत. ॲल्युमिनियमची निपल काही ग्रॅम वाचवतात, पण खाऱ्या हवेत ती स्पोकला चिकटून बसतात. मग चाकाचा आउट काढायला गेलं की किल्लीखाली गोल होतात किंवा तडकतात.

टायरकडेही याच नजरेनं पाहावं. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २३ ऐवजी २८ मिलिमीटरचा टायर, आतून १७ ते १९ मिलिमीटर रुंद रिमवर, वजनाप्रमाणे ७०-८० पीएसआय हवेनं चालवावा. अरुंद दगडी टायरच वेगवान असतो, ही समजूत मोजमापांनी मोडीत काढली आहे. खड्ड्याचा मार रिमपर्यंत पोचू न देणारा टायर हा चाकाचा पहिला रक्षक आहे.

गैरसमज ८ : ७००सी म्हटलं की कोणतंही ७००सी चाक बसतं.

वस्तुस्थिती : ७००सी म्हणजे टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटर, एवढंच. जुन्या ‘२७ इंची’ परदेशी सायकलींचा व्यास ६३० आणि काळ्या सायकलींच्या २८ इंची रिमचा ६३५ असतो. त्यांचे टायर इथं चालत नाहीत. व्यास जुळला तरी बाकीची मापं उरतात. रिम ब्रेकच्या रोड फ्रेममध्ये मागच्या हबची जागा १३० मिलिमीटर असते. डिस्क ब्रेकमध्ये ती जुन्या पद्धतीत १३५, आणि आरपार ॲक्सल असेल तर १४२ असते. शिमानोच्या ११ गिअरच्या रोड कॅसेटला लागणारा फ्रीहब (कॅसेट चढते तो हबचा भाग) १० गिअरच्यापेक्षा १.८५ मिलिमीटर लांब असतो. त्यावर वॉशर टाकून १० ची कॅसेट बसते, पण १० च्या हबवर ११ ची रोड कॅसेट सहसा बसत नाही. स्रॅमच्या १२ गिअरच्या रोड संचांना बहुधा एक्सडीआर फ्रीहब लागतो. पैसे देण्याआधी फ्रेमची आणि कॅसेटची ही मापं कागदावर लिहून दुकानात न्यावीत.

मग घ्यायचं काय?

मर्यादित पैशांत, दीर्घकाळ टिकणारी जोडी हवी असेल तर क्रम असा ठेवावा. आधी भागांची मापं जुळवा. मग सुटे भाग मिळणारा, ३२ भोकांचा साधा हब निवडा. त्यावर दुपदरी, मध्यम उंचीची ॲल्युमिनियमची रिम, स्टेनलेस बटेड स्पोक आणि पितळेची निपल. उरलेले पैसे हलक्या भागांवर घालण्याऐवजी चांगल्या कारागिराच्या मजुरीवर घाला. तयार जोडी स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण घेतल्या दिवशीच तिचा ताण त्याच कारागिराकडून तपासून घ्या.

चाक ताब्यात घेताना चार गोष्टी स्वतः पाहा. चाक फिरवून ब्रेकच्या रबराशी रिमचं अंतर बघा. डावी-उजवी हालचाल अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवी. एकाच बाजूचे स्पोक बोटानं छेडा. त्यांचा सूर जवळपास एक यायला हवा, आणि मागच्या चाकात डावी बाजू उजवीपेक्षा खालच्या सुरात वाजणं स्वाभाविक आहे. ॲक्सल हातानं फिरवा. खरखर किंवा खुळखुळ नको. शेवटी चाक फ्रेममध्ये उलटसुलट बसवून बघा; रिम दोन्ही वेळा मधोमध यायला हवी.

एवढं तपासायला दहा मिनिटं पुरतात आणि त्यासाठी महाग उपकरण लागत नाही. आपल्या रस्त्यांवर जास्त लोकांनी, जास्त वर्षं सायकल चालवावी असं मनापासून वाटत असेल, तर नव्या स्वाराला महाग चाकांची यादी देण्यापेक्षा ही तपासणी शिकवणं अधिक मोलाचं आहे. समान ताणाचं, साध्या भागांचं आणि तालुक्याच्या गावात दुरुस्त होणारं चाक त्याला कुठंही नेईल आणि परतही आणेल.